फवारा कधी मारला?

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. आम्ही निवृत्त मंडळी डेपोबाहेरच्या टपरीवर चहाला जमलो की कोणीतरी मास्तरांचा विषय काढतं. मग त्यांच्या रातकिड्यांचे किस्से निघतात आणि सगळे पोट धरून हसतात. मीही हसतो. पण त्या किस्स्यांचा शेवट मला एकट्याला ठाऊक आहे आणि तो हसण्यासारखा नाही.

आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात. मी ड्रायव्हर. नारायणगावहून निघायचं, ओतूर, डिंगोरे करत मढला मुक्कामाला जायचं आणि सकाळी परत, अशी आमची गाडी होती. मास्तर आठवले की मला मागच्या दारातच दिसतात. एक पाय पायरीवर, एक हात दांडीला, खांद्याला पैशाची पिशवी, आणि खाली उभ्या असलेल्या माणसाला वाकून विचारणं चाललेलं, "फवारा कधी मारला?"

"मास्तर, आधी आत तर घ्या!"

"घेतो. पिशवीतल्या गाजरावर फवारा कधी मारला, तेवढं सांगा."

आणि मी पुढे स्टीअरिंगवर बोटं आपटत बसलेलो.

हे कशासाठी, ते सांगतो. एकदा सकाळी मढला गाडी सुटायच्या आधी पाण्याच्या टाकीजवळ आरडाओरडा झाला. दगडाखालून तळहाताएवढा केसाळ कोळी निघाला होता. चार-पाच जण चपला हातात घेऊन उभे. "मारा, मारा! त्याचा मूत लागला तर अंगभर फोड उठत्यात!" मास्तर पळत गेले आणि स्वतःचा जेवणाचा डबा त्यांनी त्या कोळ्यावर पालथा घातला. खाली पुठ्ठा सरकवला, झाकण लावलं आणि डबा मांडीवर घेऊन गाडीत बसले.

"ह्याचं काय करणार तुम्ही?" मी विचारलं.

"पाळणार. पाव्हणी हाय आपली."

"पाव्हणी कशावरून?"

"एवढ्या चपला बघून बी जागची हलली न्हाई. बाईमाणूसच असणार, भाऊ."

त्या दिवशी मास्तरांचा डबा गेला आणि माझ्या डब्यात खाणारे दोघं झाले.

मास्तर मूळचे आंबेगाव तालुक्यातले, घोडेगावकडचे. बायको-मुलगी गावी, आणि नोकरीसाठी हे नारायणगावाला लागूनच्या वारूळवाडीला, माझ्या शेजारच्या खोलीत. त्या खोलीत काचेची पेटी आली, पेटीत माती, मातीवर अर्धी करवंटी आणि पाण्याची एक बशी. पाव्हणी करवंटीखाली राहायला गेली. तिचा मला कधीच त्रास झाला नाही. आठवड्यातून एकदा खायचं आणि उरलेले दिवस गप्प बसायचं, इतकी समजूतदार शेजारीण मला पुन्हा लाभली नाही. त्रास सगळा तिच्या जेवणाचा होता.

जेवण म्हणजे रातकिडे. मास्तरांनी ते विटांखालून गोळा केले आणि पत्र्याच्या डब्यात अंड्यांचे पुठ्ठे रचून वाढवले. मी म्हटलं, किडा धरायचा आणि कोळ्यापुढे टाकायचा, त्यात एवढं काय? त्यावर ते ठरलेलं बोलायचे, "उपाशी किडा म्हंजे रिकामा डबा, राव. पाव्हणीम्होरं रिकामा डबा ठिवता का कुणी?"

म्हणून आधी किड्यांना जेवण. त्यांना कोंडा, त्यांना गाजर. आणि पाणी! रातकिडा वाटीत पाणी दिलं तर बुडून मरतो, न दिलं तर तहानेने मरतो. मरायच्या आधी शेजाऱ्याला खातो. देवाने हा प्राणी फार घाईत केला असावा. मास्तरांनी पहिल्यांदा बाटलीच्या झाकणात पाणी ठेवलं, तर सकाळी निम्मे किडे त्यात तरंगत होते. मग ओला कापूस ठेवला. त्याला असा वास सुटला की मला माझ्या खोलीची खिडकी बंद करावी लागली. उसाचा रस देऊन पाहिला, तर साऱ्या वारूळवाडीतल्या मुंग्या जेवायला आल्या. शेवटी काकडीच्या नाहीतर गाजराच्या चकत्यांवर गाडी थांबली. खाणंही तेच, पाणीही तेच.

दोन दिवस ड्यूटीवर गेलं की किड्यांना चकती कोण देणार? म्हणून पाव्हणी घरी आणि किड्यांचा डबा आमच्याबरोबर, गाडीत, मास्तरांच्या सीटखाली.

एकदा आठवडाभर गाडीतून किर्रकिर्र आवाज येत होता. मी तक्रार लिहिली. मेकॅनिकने पंख्याचा पट्टा बदलला, तरी आवाज तसाच. त्याने इंजिन बंद केलं, तरी आवाज चालूच. मग तो कान लावत लावत मागे गेला, सीटखाली वाकला आणि तिथूनच ओरडला, "डायवर, तुमच्या गाडीला पट्टा नको, ढेकणाचं औषध पायजे!" मास्तरांनी डबा छातीशी धरला. मेकॅनिक परत त्या डब्याच्या वाऱ्याला उभा राहिला नाही. हसले मात्र सगळे मला.

आता तुम्ही म्हणाल, काकडी-गाजराला काय तोटा? आमच्या भागात तर भाजीच भाजी. पण औषध मारल्याशिवाय आमच्याकडे काही पिकत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. आणि मास्तरांना बिनफवाऱ्याची भाजी हवी. "जे किड्याच्या पोटात, त्येच पाव्हणीच्या पोटात," हे त्यांचं दुसरं पालुपद. डिंगोऱ्याच्या अलीकडे एका आजीच्या कुंपणावर दुधी चढलेला असायचा. तिच्यासाठी गाडी थांबायची. ओतूरला एकाच्या परसात काकडी होती, तिथेही थांबायची. आतले लोक कावायचे. "मास्तर, किडं जेवलं का? मग मारा घंटी!" एक बाई तर तोंडावर म्हणाली, "आमच्या पोराला गाजर न्हाई आन् ह्यांच्या किड्याला गाजर!" मास्तरांनी तिच्या पोराला एक गाजर दिलं. आधी वास घेऊन, मग धुऊन.

उशीर झाला की कंट्रोलर मला झापायचा. गाडी ड्रायव्हर चालवतो, किडे नाही, असं तो म्हणायचा, आणि त्याचं बरोबर होतं. मी मास्तरांवर चिडायचो. दोन दिवस बोलायचो नाही. तिसऱ्या दिवशी ते माझ्या डब्यात जेवायला बसायचे आणि भांडण तिथेच राहायचं.

अशी सात-आठ वर्षं गेली. पाव्हणी कात टाकायची तेव्हा उताणी पडायची. पहिल्या वेळी ती मेली असं समजून मास्तर दिवसभर पेटीपुढे बसले होते. संध्याकाळी ती नवी कोरी होऊन उठली. त्यांनी मला हाताला धरून खोलीत नेलं आणि दाखवलं. तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हणालो, "कोळ्यासाठी रडता?" खरं तर मलाही बरं वाटलं होतं. तेही मी सांगितलं नाही.

मग तो उन्हाळा. आजीचा दुधी वाळला होता, ओतूरची काकडी संपली होती. लग्नसराई होती, गाडीत मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. आदल्याच दिवशी उशिराबद्दल मला मेमो मिळाला होता. सकाळी मढहून परतताना डिंगोऱ्याला एक ओळखीचा शेतकरी माझ्या खिडकीशी आला आणि त्याने पाच-सहा काकड्या आत दिल्या.

"मास्तरला द्या. पण त्येंला म्हणावं, चार रोज थांबा. कालच फवारलंया."

मागून, गर्दीच्या पलीकडून, मास्तरांचा आवाज आला. त्यांना पुढे येता येत नव्हतं.

"भाऊ, इचारा की! फवारा कधी मारला?"

मी खरं सांगितलं असतं तर मास्तर तिथेच उतरले असते. दुसरी काकडी शोधत त्या वस्तीवर चार घरं फिरले असते. मी गिअर टाकला आणि ओरडलो, "विचारलं! नाही मारला!"

शेतकऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असेल, गर्दीत ऐकू गेलं नाही. गाडी निघाली होती.

फवारा किडे मारायलाच असतो, हे माझ्यासारख्या शेतकऱ्याच्या पोराला कळत नव्हतं असं नाही. मला त्या घटकेला फक्त गाडी वेळेवर न्यायची होती. आणि ती वेळेवर पोचली.

त्या संध्याकाळी मास्तरांनी किड्यांना काकडी दिली, आणि घटकाभराने एक भरल्या पोटाचा किडा पाव्हणीला दिला. सकाळी डब्यातले किडे पाय वर करून थरथरत होते. आणि पाव्हणीचे पाय हळूहळू आत वळायला लागले होते, मूठ मिटावी तसे. तहान लागली की कोळी असा आकसतो, हे मास्तरांना माहीत होतं. त्यांनी पाण्याची बशी काठोकाठ भरून तिच्यापुढे सरकवली. मग कापसाने थेंब थेंब पाणी तिच्या तोंडाशी नेलं. दोन दिवस ते तिला पाणीच पाजत होते.

मी दारात उभा होतो. त्यांनी मान वर न करता विचारलं, "काकडीचं इचारलं व्हतं ना तुमी?"

तेव्हा सांगायला हवं होतं. काही वाचलं नसतं, पण सांगायला हवं होतं. मी उलट चिडलो. "विचारलं होतं ना, मास्तर! किती वेळा सांगू?"

"न्हाई, तसं न्हाई," ते म्हणाले. "मंग पाणीच कमी पडलं. मागल्या मुक्कामाला बशी भरायची राहिली असंल. माझ्याच हातनं झालं."

पाव्हणी तिसऱ्या दिवशी गेली. उरलेले चार किडे मास्तरांनी ओढ्याकाठी सोडले. मग ते गाडीत गप्प बसू लागले. गाडी वेळेवर धावू लागली. कंट्रोलरने मला शाबासकी दिली.

मला वाटलं, महिनाभरात विसरतील. पण एकदा आमच्या वाटेतल्या गणेशखिंडीच्या वळणांवर एका म्हाताऱ्याला चक्कर आली. एरवी मास्तरांची बाटली सगळ्यांच्या आधी पुढे यायची. त्या दिवशी त्यांनी ती माझ्याकडे दिली. "तुमी पाजा, भाऊ. माझ्या हाताला गुण न्हाई." थट्टा करत असतील म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ती थट्टा नव्हती.

ते माझ्या आधी निवृत्त झाले आणि गावी गेले. दोन वर्षांनी मी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. मनाशी सगळं ठरवून गेलो होतो. मास्तर ओट्यावर बसले होते, मला पाहून उठले, मिठी मारली. त्यांची मुलगी माहेरी आलेली होती. तिने वर्षाच्या नातीला त्यांच्यापुढे बसवलं, मऊ भाताची वाटी ठेवली आणि ती आत गेली. मास्तरांनी वाटी उचलली. थोडा वेळ तशीच हातात धरली आणि मग माझ्याकडे सरकवली.

"तुमी भरवा."

"अहो मास्तर, नात तुमची आहे."

"भरवा हो. ती माझ्या हातनं खाती, मला म्हाईत हाय. पर मलाच भ्या वाटतं."

मी भरवलं. पोर हसत खात होती, मास्तर कौतुकाने बघत होते. वाक्य माझ्या जिभेवर होतं. प्रत्येक घासाला वाटायचं, हा भरवून झाला की बोलू. वाटी संपली, चहा आला, शेवटची गाडी आली. मी पुढच्या खेपेला म्हणून उठलो.

पुढची खेप झाली ती त्यांच्या तेराव्याला. मुलीजवळ बोलायला तोंड उघडलं, पण ती म्हणाली, "आबा तुमचं लई नाव काढायचे," आणि मी पुन्हा गप्प बसलो.

ते वाक्य मोठं नव्हतं. मास्तर, तुमच्या हाताचा काही दोष नव्हता. शेतकऱ्याने मला सांगितलं होतं, आणि मी तुम्हाला खोटं सांगितलं. मला माफ करा.