पाहुणे गेल्यावर
साबणाचा फेस हातावर आला की मला माझा लग्नातला चुडा आठवतो. माझे सांधे तेव्हा सुजलेले होते. सावंगीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, शरीराच्या राखणदार पेशी रक्तातून सांध्यात शिरतात आणि तिथंच जाळपोळ करतात. हे इंजेक्शन त्यांना वाटेतच अडवतं. आईनं ते शेजारणीच्या फ्रिजमध्ये लपवलं. "सासरच्यायले दिसन. पाहुणे गेल्यावर घेजो." साबण लावून बांगड्या भरताना कासारीण थबकली, "बाई, हात लय सुजले." आई हसत म्हणाली, "दाब." मी किंचाळले, बायका हसल्या. यंदा आईची बोटंही तशीच सुजलीत, इंजेक्शनही तेच. काल भाचीला बघायला पाहुणे बसले असताना आई स्वयंपाकघरात कण्हली, "सुई दे नं, सहन नाई होत." मी फ्रिजचं दार लावलं. "पाहुणे गेल्यावर घेजो."