आईच्या पुढ्यातलं ताट

सकाळी विट्याजवळच्या आमच्या गावातनं निघालो, घाटात ट्रकांच्या मागं अडकलो आणि पुण्याच्या विमानतळावर धापा टाकत पोचलो तर विमान दोन तास उशिरा! अंग नुसतं आंबून गेलं होतं. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं म्हणून तिला मी कोइमतूरला घेऊन चाललो होतो. तिथं माझं गलाईचं दुकान आहे. जुनं सोनं आटवून शुद्ध करायचा धंदा, आमच्याकडची पुष्कळ माणसं तेच करतात.

टेबलखुर्चीचं हॉटेल बघून आत शिरलो, दोन थाळ्या मागवल्या. ताटं आली तशी आईनं तिच्या साखरेच्या आजाराची, जेवणाआधीची गोळी घेतली, पदर सावरला आणि हात मांडीवर ठेवून बसली.

"खा की," मी म्हणालो.

"तू घे. मी खाते सावकाश."

तेवढ्यात दुकानातनं फोन आला. मग गिऱ्हाइकाचा. परत दुकानातनं. माझी जेवायची तऱ्हाच अशी, घास हातात आणि तोंड दुसरीकडं.

"आई, गार व्हायलंय ते."

"व्हय व्हय. तुझं हू दे आदी."

मला चिडच आली. वाटलं, बुजली असेल. "अगं, इथं कोण बघतंय तुला? एवढं मागवलंय ते काय टाकून द्यायचं?" असं खेकसलो आणि पुन्हा फोन कानाला लावला.

फोन ठेवून बघतो तर एसीच्या गारव्यात तिच्या कपाळावर घाम. टेबलावरचा हात थरथरत होता.

"काय होतंय गं?"

"काय न्हाई. झालं न्हवं तुझं? मग बसते मी."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या घरात बाप्ये जेवून उठल्याशिवाय बाई ताटावर बसत नाही. ताट पुढ्यात आलं म्हणून काय झालं? पोटात गोळी, समोर अन्न, आणि ही मी उठायची वाट बघत बसलेली!

चहाची साखरेची पुडी फोडून तिच्या तोंडात टाकली, वर पाणी पाजलं. फोन उपडा केला. माझं निम्मं ताट तसंच पुढं सरकवलं.

"झालं माझं. पोट भरलं."

मग कुठं तिनं पहिला घास घेतला. हळूहळू हाताची थरथर थांबली, तोंडावर जरा तजेला आला. सगळं ताट संपवून तिनं माझा राहिलेला भातही स्वतःकडं ओढला. "कशाला वाया घालवायचा?" म्हणाली. मला भयंकर लाज वाटत होती. घरीसुद्धा आम्ही जेवून झाल्यावर हात वाळेपर्यंत गप्पा छाटत बसायचो आणि ती चुलीपाशी असायची.

विमानात बसल्यावर तिनं विचारलं, "पोटभर जेवलास न्हवं?"

"व्हय, लय झालं," मी म्हणालो. पोटात कावळे ओरडत होते.

ती निवांत झोपली. घरी जेवून उठता उठता आम्हीही तिला विचारायचो, आई, तुला राहिलंय का गं? ती म्हणायची, "व्हय, लय हाय की." भाकरीच्या टोपलीत डोकावून मी एकदाही बघितलं नाही.