टाकीच्या आधीचा नळ

कोथरूडच्या जुन्या माणसांना नळाच्या पाण्याचा फार अभिमान. माझ्या सासऱ्यांना तर जरा जास्तच. आम्ही ओट्यावर फिल्टर बसवला तेव्हा त्यांनी त्यातलं भांडंभर पाणी प्यायलं आणि "याला चवच नाही" असा निकाल दिला. पुढे माझी पाठ वळली की ते सरळ नळाखाली तांब्या धरायचे. खडकवासल्याच्या पाण्याला मशीन कशाला, असं त्यांचं म्हणणं.

त्यामुळे आमच्या घरात कावीळ कुणाला होणार हे ठरल्यातच जमा होतं. डॉक्टरांनी त्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि विचारलं, "गल्ली कुठली तुमची?" मी सांगितल्यावर म्हणाले, "तरीच. तिथून बरेच येतायत सध्या."

पाण्याला वास येत होता हे खरंच होतं. सोसायटीच्या ग्रुपवर त्याची चर्चा झाली होती आणि सगळ्यांनी मिळून टाकीला दोषी धरलं होतं. टाकी उपसली, घासली, धुतली. वास तसाच. मग आम्ही पाण्याच्या ऑफिसात मोबाइलवरून तक्रार केली. काही दिवसांनी उत्तर आलं, 'आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे.' आमच्या गल्लीत कुणी फिरकलंसुद्धा नव्हतं. एकानं ग्रुपवर लिहिलं, 'वासालाही हा मेसेज पाठवावा.' त्यावर सगळे हसले आणि विषय तिथेच संपला.

मग आमच्या वॉचमनच्या बायकोला हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. ती आमच्याकडे पोळ्या करायची. पार्किंगच्या कडेच्या खोलीत राहायची. तिथे फिल्टर नव्हता, त्यामुळे घरातली सगळीच नळाचं पाणी पीत होती. तिची कावीळ बरीच वाढली होती. भेटायला गेले तर डोळे हळदीसारखे पिवळे, आणि मला विचारते, "ताई, पोळ्यांचं काय करताय?"

त्या दिवशी संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडम माझ्या दारात उभ्या राहिल्या. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात माल तपासण्याच्या खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली होती. निवृत्त होऊनही त्या भाजी घ्यायला गेल्या की भाजीवाला आपणहून चांगली जुडी काढून द्यायचा.

"उद्या पाण्याच्या ऑफिसात येता का माझ्याबरोबर? तुम्ही नुसत्या शेजारी बसा," त्या म्हणाल्या. "एकट्या बाईला ते खुर्ची देतात. दोघींना उत्तर देतात."

ऑफिसातले इंजिनिअर तरुण होते, नम्रही होते. "मॅडम, आमच्याकडून पाणी शुद्धच निघतं."

"निघतं हो. पोचतं का?"

"तुमच्या टाकीत काहीतरी दोष असणार."

"मग टाकीच्या आधीच्या नळातून नमुना घ्या. आज. आमच्यासमोर."

"आज माणूस नाहीये."

"बरं. आम्ही थांबतो."

मॅडमनी पिशवीतून डबा काढला. दाण्याचे लाडू होते. आधी समोरच्या क्लार्कला दिला, मग मला, मग इंजिनिअरसाहेबांना. त्यांना नाही म्हणता येईना. लाडू कोरडे झाले होते. पहिल्याच घासाला साहेबांना ठसका लागला आणि ते उठून कोपऱ्यातल्या विकतच्या पाण्याच्या जारकडे गेले.

मॅडमनी चष्मा वर केला. "अय्या, पाण्याच्या ऑफिसात जारचं पाणी?"

क्लार्कला हसू आवरेना. त्यानं तोंड फाइलीमागे नेलं, पण खांदे हलत होते. साहेब लाल झाले, भांडं खाली ठेवलं आणि फोन उचलला. मघाशी नसलेला माणूस लाडू संपायच्या आत हजर झाला.

नमुना नापास झाला. मग गल्लीच्या तोंडाशी खोदकाम सुरू झालं आणि एरवी एकमेकांना पार्किंगवरून टोमणे मारणारी सगळी मंडळी खड्ड्याभोवती जमली. आमची पाण्याची लाईन चक्क ड्रेनेजच्या चेंबरमधून गेली होती आणि तिथेच गंजून फुटली होती. वर उभं राहवत नव्हतं, इतका वास. साहेब नाकाला रुमाल न लावता बराच वेळ खाली बघत होते. मला ते आवडलं.

नवा पाइप पडला. लोक पांगायला लागले तेव्हा मॅडम साहेबांना म्हणाल्या, "आता एकदा गेटवर येऊन सगळ्यांना सांगा."

"काय सांगू?"

"काय झालं ते. आणि कुणाचं चुकलं ते."

"असं कुणी सांगत नाही हो, मॅडम."

"माहीत आहे. म्हणून तर लोक आपल्याच टाक्या धूत बसतात." मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "आमच्याकडे खराब माल परत आला की पास करणाऱ्याला सगळ्यांसमोर बोलवायचे. त्याला रागवायला नाही. पुढच्यानं नीट बघावं म्हणून."

ते येतील असं मला वाटलं नव्हतं. पण रविवारी सकाळी आले. वॉचमनची बायको आदल्याच दिवशी घरी आली होती. तिला खुर्ची दिली होती. माझे सासरे मफलर गुंडाळून, उकडलेल्या भाज्यांना शिव्या घालत, शेजारी बसले होते.

साहेब दोनदा खाकरले. "दोष आमच्या लाईनमध्ये होता," ते म्हणाले. "तुमची तक्रार आली होती. ती जागेवर न बघताच बंद केली गेली. ते चुकलं आमचं."

बऱ्याच जणांनी घरून खोचक वाक्यं तयार करून आणली असणार. मीही एक आणलं होतं. ती सगळी वाया गेली. माणूस समोर उभा राहून चुकलं म्हणतो तेव्हा काय करायचं असतं, याची आम्हाला सवयच नव्हती.

शेवटी वॉचमनची बायकोच बोलली. "मग सायेब, आज प्यायचं का न्हाई?"

"आज नको. उकळून प्या. रिपोर्ट चांगला आला की मी स्वतः येऊन सांगतो."

त्याच आठवड्यात एका दुपारी ते पुन्हा आले. गेटवर कुणी जमलेलं नव्हतं. मी दळण घेऊन येत होते. ते सरळ पार्किंगच्या कडेच्या खोलीशी गेले आणि तिला म्हणाले, "पाणी चांगलं आहे आता. प्या."

तिनं पदराला हात पुसले. "आन परत वास आला तर? तक्रार केली तर बघाल ना?"

 ते म्हणाले, "मी इथे आहे तोवर बघीन."

"आन तुमी गेल्यावर?"

यावर त्यांनी हातातल्या रिपोर्टची घडी घातली. तिनं मान हलवली, पोराला बादली लावायला सांगितली आणि कुकर लावायला आत गेली.