दाराआडून सांगितलेला विमा

विमा म्हणजे माणूस मेल्यावर घरच्यांना मिळतात ते पैसे, एवढंच आमच्या ठाण्याच्या कोपरीतल्या म्हाताऱ्यांना ठाऊक. त्यामुळे मामंजींच्या कारखान्यात सरकारी आजारपणाचा विमा लागू झाला तेव्हा निम्मे घाबरले आणि निम्मे रुसले. पगारातून दर महिन्याला काही कापणार आणि त्याचा उपयोग जिवंतपणीच होणार, हे काही कुणाच्या गळी उतरेना. मामंजी म्हणजे माझे सासरे. मुलुंडच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये कारकून होते, नोकरीची थोडीच वर्षं उरलेली. त्यांच्या बरोबरीची आणखी काही माणसं आसपास राहत. सगळ्यांनी मिळून ठरवलं की हा विमा त्यांना मी समजावून सांगायचा.

मी का, तर मी मॅट्रिक झालेली. घरात खरा मास्तर होता. आमचे हे कल्याणच्या शाळेत शिकवायचे. पण दिवसभर पोरांपुढे घसा फोडून आल्यावर म्हाताऱ्यांपुढे फोडायची त्यांची तयारी नव्हती. "तूच सांग, तुला नाहीतरी बोलायची हौस आहे," म्हणाले आणि पेपर तोंडापुढे धरून बसले.

आता अडचण अशी की आमच्या घरात सून सासऱ्याशी बोलत नसे. भांडण नव्हतं हो, रीत होती. ठाण्यात तेव्हा मुली सायकली चालवत होत्या, पण आमच्या उंबऱ्याच्या आत सासऱ्यांसमोर तोंड उघडायचं नाही. काही सांगायचं असलं की मी स्वयंपाकघराच्या दाराआडून सासूबाईंना सांगायचं आणि त्यांनी बाहेरच्या खोलीत. मामंजींना माझं सगळं ऐकू जायचं, दार काय तुरुंगाचं होतं? तरी सासूबाईंनी तेच पुन्हा म्हणेपर्यंत ऐकलंच नाही असे बसायचे. मला त्याचा इतका संताप यायचा की पोळ्या जाड व्हायच्या. लग्न होऊन चार वर्षं झाली होती आणि त्या माणसाशी मी एक अक्षर बोलले नव्हते.

तर असा तो विमा समजावला. एका रविवारी सगळे बाहेर सतरंजीवर बसले. मी आत, हातात कारखान्याने दिलेला कागद. सासूबाई मधे, चौकटीला टेकून.

"आई, त्यांना सांगा, डॉक्टर आपण निवडायचा. यादीतला कुठलाही."

"डॉक्टर आपण निवडायचा," सासूबाई म्हणाल्या.

"आजारी पडलं तर रजा मिळेल आणि रजेत थोडा पगारही मिळेल."

हे सासूबाईंनी सांगितल्यावर चेंदणीचे एक वयस्कर कोळी, कारखान्यात रखवालदार होते ते, विचारू लागले, "म्हणजे घरी झोपायचे पैसे?"

"आजारी असलात तर," मी आतून.

"आणि नसलो तर?"

"तर डॉक्टर ओळखेल, सांगा त्यांना."

हसले सगळे. मलाही बरं वाटलं. मग कागदावरचं पुढचं आलं आणि ते कसं सांगावं मला कळेना. सासूबाईंना गेल्या दिवाळीपासून खोकला होता. खोकला आपलं आम्ही म्हणायचो. सरकारी इस्पितळात दाखवलं तेव्हा छातीत आहे म्हणाले होते, खाट रिकामी झाली की कळवू म्हणाले होते, आणि अजून काही कळवलं नव्हतं. त्या रोगाचं नाव घरात कुणी काढत नसे. सासूबाईंची कपबशी तेवढी वेगळी ठेवलेली.

"आई," मी म्हटलं, "यात फक्त कामावर जाणारा माणूस आहे. घरचे नाहीत. बायको नाही, मुलं नाहीत."

सासूबाईंनी तोंड बाहेरच्या खोलीकडे केलं. मग अगदी स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "बायको नाही." आणि त्यांना खोकल्याची उबळ आली.

"मग वहिनी, तुम्ही आता खोकायचंच नाही," रखवालदार म्हणाले. पुन्हा हसले सगळे. सासूबाईही हसल्या. मामंजी तेवढे हसले नाहीत. ते सतरंजीचा धागा ओढत बसले होते.

त्यांनी काय ठरवलं होतं ते नंतरच्या आठवड्यात कळलं. ते मुलुंडच्या डॉक्टरकडे गेले आणि खोकला मला आहे म्हणून सांगितलं. जन्मात खोटं न बोललेला माणूस. स्टोअरमधला एक खिळा इकडचा तिकडे झाला तर ज्याला झोप लागायची नाही तो माणूस सरकारी डॉक्टरपुढे बसून बायकोचा खोकला खोकून आला. औषधाची बाटली आणली आणि सासूबाईंच्या उशाशी ठेवली.

बाटलीने तो रोग जाणार नव्हता, एवढं मला कळत होतं. पण सासूबाईंना झोप लागू लागली. घर जरा हलकं झालं. डॉक्टर काहीबाही विचारायचे, त्याची उत्तरं मामंजींकडे नसायची, मग ते घरी येऊन खुंटीशी बोलल्यासारखे म्हणायचे, "घाम येतो तो पहाटे की मध्यरात्री, विचारून ठेवा." सासूबाई सांगायच्या, पहाटे. पुढच्या खेपेला मामंजींना पहाटे घाम यायचा. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, म्हणतात ना, ते काही खोटं नाही.

मग डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितलं.

आता झाली पंचाईत. फोटो चांगला आला तर खोटेपणा उघडा पडणार. सरकारला फसवलं म्हणून नोकरीवर गदा येईल की काय, या वयात, या अब्रूच्या माणसाच्या. आणि फोटोला नाही म्हणावं तर बाटली बंद. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, तशातली गत. दोन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही.

मला मार्ग दिसत होता. डॉक्टर भला माणूस होता असं मामंजींच्याच बोलण्यातून कळायचं. त्याला खरं सांगून टाकावं, हात जोडावेत, तो कदाचित सांभाळून घेईल. मी दाराआड उभी राहिले आणि सासूबाईंना म्हटलं, "त्यांना सांगा, फोटोला जाऊ नका. डॉक्टरांना खरं काय ते सांगा."

सासूबाई बाहेरच्या खोलीकडे वळल्या. "ती म्हणते, फोटो काढून या."

मी थिजलेच. दाराआडून ओरडावंसं वाटलं, मी असं नाही म्हटलं. मामंजींनीही माझं ऐकलं असणारच, त्या दारातून सगळं ऐकू जायचं. पण त्यांनी मान हलवली आणि छत्री घेऊन निघाले. रीतीप्रमाणे त्यांनी ऐकलं ते बायकोचंच.

मी सासूबाईंना नको नको ते बोलले. बाटलीसाठी नवऱ्याला खड्ड्यात घालता का, इथपर्यंत बोलले. त्या तांदूळ निवडत होत्या. खडा बाजूला काढून म्हणाल्या, "अगं, तो खोकला आता सोंगाचा राहिला नाही. डॉक्टरपुढे एकदा खोकतात, घरी येऊन मोरीत नळ सोडून दहादा खोकतात. तुला नळ ऐकू येतो. मला कळतं काय ते."

मी खाली बसले आणि त्यांच्याबरोबर तांदूळ निवडू लागले.

फोटो वाईटच आला. सासूबाईंच्या शेजारी इतकी वर्षं निजलेला माणूस, दुसरं काय व्हायचं होतं. पण विम्याची कामं भराभर झाली. म्हणे विम्याच्या माणसांसाठी इस्पितळात वेगळ्या खाटा राखलेल्या. रजा मिळाली, इंजेक्शनं मिळणार, दूध-अंडी मिळणार. रोग दिला जिने तिला खाट नाही आणि ज्याला दिला त्याला आहे. आणि मामंजी तिकडे निजले म्हणजे मुलुंडच्या डॉक्टरांची बाटलीही गेली. तो कागद मी किती वेळा वाचून काढला असेल. कायदा करणाऱ्याला घरी बायको नव्हती का, असं मी यांना विचारलं. हे म्हणाले, "हळू बोल." संपला विषय.

जायच्या सकाळी सासूबाई त्यांची वळकटी बांधत होत्या. मी चुलीपाशी. आणि मामंजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. त्या दारात ते कधी येत नसत. मी पदर ओढला. ते माझ्याकडे बघत होते, सरळ.

"सूनबाई," म्हणाले, "तू तो कागद वाचलायस. माझ्या जागी ती गेली तर चालेल का? मी इथे राहीन. नाव माझंच राहू दे."

मला वाटलं मागून सासूबाई काहीतरी म्हणतील. नेहमीसारखं माझं उत्तर घेतील आणि त्याचं दुसरं काहीतरी करून त्यांना देतील. वळकटीच्या दोरीचा आवाज थांबला होता. पण त्या बोलल्या नाहीत.

"नाही चालत, मामंजी," मी म्हटलं.

मी त्यांच्याशी बोललेले ते पहिले शब्द.

"बरं," म्हणाले. गेले.

ते बरे होऊन आले. चांगले भरून आले, गालांवर तेज चढलेलं. न्यायला मी आणि हे गेलो होतो. सासूबाई श्रावणातच गेल्या होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं म्हणून मामंजींना तिकडे कळवलं नव्हतं. इस्पितळाच्या पायऱ्यांवर त्यांनी आमच्या मागे पाहिलं, मग यांच्या नुकत्याच उगवू लागलेल्या केसांकडे.

नोकरी संपायच्या आधी कारखान्यात नवा कागद आला. पुन्हा मंडळी जमली, पुन्हा सतरंजी. या वेळी मी बाहेरच्या खोलीतच बसले. मधे उभं राहायला कुणी उरलं नव्हतं. मी कागद उघडला आणि पहिल्याच ओळीशी अडले. मामंजी भिंतीला टेकून बसले होते.

"वाच की," म्हणाले.

"आता घरची माणसंही यात घेतलीत," मी म्हटलं.

"बायको?"

"हो, मामंजी. बायको आहे."

त्यांनी मान हलवली. मग रखवालदारांकडे वळून म्हणाले, "ऐकलंत ना? उद्याच्या उद्या जाऊन तुमच्या घरच्या वहिनींचं नाव घाला." मग मला म्हणाले, "ह्यांना जरा सावकाश सांग, ह्यांना कमी ऐकू येतं."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.