सक्तीचं वय

पहाटे साडेचारला रेनो कांगसचा दिवस सुरू होई. सुपिरिअर सरोवराकाठच्या कागद गिरणीत चौतीस वर्षं वाफेचे पाइप बसवले, तेव्हाची सवय. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी मोडली नाही. उठून करायचं काय, तर एकट्यापुरती कॉफी.

पगारातला दहावा हिस्सा दर महिन्याला निवृत्ती खात्यात गेला होता. साडेसत्तराव्या वर्षापासून सरकार त्यातून दरसाल ठरावीक रक्कम काढायला लावी. तोवर हात लावायचा नाही, हे रेनोचं ठरलेलं. वरून परवानगीची चिठ्ठी आल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडायचा नाही, हा गिरणीतला कायदा त्याने पैशालाही लावला.

"साडेसत्तर होऊ दे, माडीवर खोली चढवू. सरोवर दिसेल," तो बायकोला म्हणे.

"लग्न त्या खात्याशीच करायचं होतंस रे," आइली म्हणायची.

मग नियम बदलला. सक्तीचं वय बहात्तर झालं. रेनो खूश. दीड वर्ष आणखी पैसे वाढतील. त्याच सुमारास आइली शेगडी बंद करायला विसरू लागली, मग घरचा रस्ता. शेवटी तिला शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. तिथल्या खिडकीतून फक्त उभ्या गाड्या दिसत.

बहात्तर पूर्ण झाले त्या दिवशी तो बँकेत गेला.

"नियम पुन्हा बदललाय, रेनो," खिडकीवरची बॉनी म्हणाली. "आता त्र्याहत्तर. यंदा एक डॉलरही काढायला नको. सुटलात की!"

तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. मागे रांग खोळंबली.

"म्हणजे चिठ्ठी नाही."

"कसली चिठ्ठी?"

"काही नाही. तरी काढून दे."

"उगाच कर भरावा लागेल हं."

"भरतो."

आइलीला शुश्रूषागृहातच वरच्या मजल्यावर, सरोवराच्या बाजूला हलवलं. तिची खुर्ची त्यानेच उचलून खिडकीशी नेली. अठ्ठेचाळीस वर्षं त्याला 'अरे, तू' म्हणणारी आइली त्याच्या हातांकडे बघत राहिली.

"तुम्ही पाइपवाले ना?"

"हो."

"बसा. केवढं पाणी आहे बघा!"

चौतीस वर्षांच्या पगारातून त्या खिडकीचं भाडं गेलं. रेनो खाटेच्या कडेला बसला आणि तिच्याबरोबर पाणी बघू लागला.