बारा नंबरची ओळ

कलेनं म्हणे दुःख हलकं होतं. हे मला ऐकवणाऱ्या बाईंच्या पायाशी मी खडूंचा डबा आपटला होता, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

करी रोडला आमच्या चाळीचा मागचा भाग कोसळला, त्यात बाबा गेले. उरलेल्यांना वडाळ्याच्या संक्रमण शिबिरात नेऊन टाकलं. तिथं एका समाजसेवी संस्थेची ही मंडळी दर शनिवारी हजर. त्या बाईंनी आईच्या हातात खडू कोंबला. "आजी, तुमच्या मनातलं घर काढा ना." आई तीन महिने कुणाशी बोलली नव्हती. रडलीही नव्हती. नुसती भिंतीकडे बघत बसायची. "घर काढा काय? आधी घर द्या!" मी ओरडलो. त्यांचा एक माणूस आईचे फोटो काढत होता, त्यालाही हाकललं.

संस्था गेली, तर चाळीतल्या बायका उपटल्या. गौरी आल्या होत्या, व्हरांड्यात फुगड्या घालायच्या होत्या. फुगडीला आमच्या चाळीचं स्वतःचं गाणं असतं, आईनंच रचलेलं. प्रत्येक खोलीची एक ओळ, आणि ओळीत त्या घराची टिंगल. मी दार अडवून उभा राहिलो. "आमचं अजून वर्ष सरलेलं नाही. तुम्ही नाचा खुशाल! पण आमच्या बारा नंबरचं नाव घेतलंत तर याद राखा." बिचाऱ्या मान हलवून गेल्या.

भर दुपारी धिंगाणा सुरू झाला. दहा नंबरचा कुकर झाला, अकरा नंबरच्या सुनेची लिपस्टिक झाली. मग थेट तेरा.

"थांबा गो!"

आई दारात उभी होती. "बारा नंबर खंय गेलो? कोणी काढूक सांगल्यान?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"तू?" आई वसकन अंगावर आली. "बापूस मेलो म्हणान गाण्यातसून पण काढलंस तेका?"

तिनं पदर खोचला, फेरात शिरली आणि फाटक्या आवाजात बाबांची ओळ स्वतःच म्हणाली,

"बारा नंबरचो घोव घोरता,
सगळ्या चाळीक जागी करता!"

बायका खदखदून हसल्या. आईही हसली, हसता हसता खाली बसली आणि मोठमोठ्यानं रडायला लागली. त्यांनी तिला कुशीत घेतलं. मी जवळ गेलो, तर तिनं माझा हात झटकून टाकला.