मागं राहिलेला मेकॅनिक

मी कॉलेजात होतो तेव्हाची गोष्ट. दौंडला एका अंतराळयानाच्या सिनेमाचा तिसरा भाग लागला होता. पहिले दोन मी दोनदोनदा पाहिलेले, म्हणून तास बुडवून शिरूरहून गेलो आणि तोंड पाडून परतीच्या एस.टी.त बसलो. दुसऱ्या भागात यानाचा म्हातारा मेकॅनिक परक्या ग्रहावर मागं राहिला होता. तिसऱ्यात त्याचं कुणी नावही काढलं नाही.

शेजारी चाळिशीचा एक माणूस होता, अंगात कुरकुंभच्या कुठल्याशा कंपनीचा निळा शर्ट. तोही थेटरातूनच आला होता.

"गोष्टच चुकली राव," तो म्हणाला. "आधी त्या म्हाताऱ्याला आणाया पायजे व्हतं."

मग तळहाताचं यान करून त्यानं ते पुढच्या सीटच्या दांडीवर अलगद उतरवलं. म्हातारा डोंगराआडून लंगडत येतो, यानात चढतो आणि इंजिनाचा आवाज ऐकून आधी सगळ्यांना झापतो. मी खूप दिवसांनी एवढा हसलो.

"पण मामा, तो जिवंत असेल कशावरून?"

त्याचा हात थांबला.

"आमच्या कंपनीत एक डाव गॅस सुटला. गेटवर माणसं मोजली, तर एक कमी. तो मी व्हतो. माझा जोडीदार मला आणाया आत शिरला, तवा त्यालाबी म्हाईत नव्हतं मी जित्ता हाय का न्हाई."

न्हावऱ्याला तो उतरून गेला. नाव विचारायचं राहिलंच.

घरी धाकट्या बहिणीनं सिनेमाची गोष्ट सांग म्हणून हट्ट धरला. मी तिला त्याचीच सांगितली. पडद्यावरची वेगळी होती, हे तिला अजून माहीत नाही.